व्हिटलॉ गिरणीचे शेअर विकणारा खासदार

निनियन लेडलॉ एडिंबरातल्या एका गुंतवणुकीच्या पेढीत होता, तेव्हा त्याच्याविषयी एकच तक्रार यायची. हा माणूस कारखाना बघायला गेला की जेवणाला वेळेवर येत नाही. कंपनीचे अध्यक्ष आणि संचालक भाजलेल्या मटणाची ताटं समोर घेऊन ताटकळत बसायचे, आणि हा कुठे, तर बॉयलरवाल्याशी नाहीतर गोदामातल्या कारकुनाशी गप्पा मारत उभा. पेढीचे थोरले भागीदार कॅथकार्ट बॉइल यांनी एकदा त्याला बोलावून घेतलं.

"लेडलॉ, आपल्याला ताळेबंद वाचायचे पैसे मिळतात. तू बॉयलर काय बघत बसतोस?"

"ताळेबंद मार्चमधला असतो, सर. मी जातो तेव्हा नोव्हेंबर उजाडलेला असतो."

बॉइलसाहेबांनी पाइप दाताखाली धरला आणि विषय सोडून दिला. कारण लेडलॉचे अंदाज बहुतेक बरोबर यायचे, आणि पेढीकडे जे पैसे होते ते काही श्रीमंतांच्या चैनीचे नव्हते. फाइफच्या खाणकामगारांची पेन्शन होती, ग्लासगोच्या शाळामास्तरांची होती, कुणाकुणा विधवांची पुंजी होती. ते पैसे कुठे ठेवायचे आणि कुठून काढायचे, हे ठरवणं हेच निनियनचं काम. पिटनवीमच्या बंदरात मासळीच्या लिलावात कारकुनी करणाऱ्या माणसाचा तो मुलगा. एवढ्या लोकांचे पैसे आपल्या हातात कसे आले, याचं त्यालाच अधूनमधून नवल वाटायचं.

एकोणीसशे सदुसष्टच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, तो व्हिटलॉला गेला. हे गाव ट्वीड नदीच्या काठचं, लोकरीच्या कापडाचं. त्याची बायको एल्स्पेथ तिथलीच; तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान भर चौकात होतं. पण त्या दिवशी निनियन सासुरवाडीला गेला नव्हता. व्हिटलॉ गिरणीचे बरेच शेअर पेढीकडे होते आणि ते ठेवायचे की नाही हे त्याला ठरवायचं होतं.

अध्यक्ष हॅलिबर्टन यांनी त्याला हिंडवून सगळं दाखवलं. जेवायला जायची वेळ झाली तसा निनियन नेहमीप्रमाणे मागे रेंगाळला आणि वरच्या मजल्यावरच्या एका लांबलचक खोलीत शिरला. तिथे उत्तरेकडच्या खिडक्यांपाशी पंधरा-वीस बायका उतरत्या टेबलांवर कापड पसरून बसल्या होत्या. मागावरून उतरलेल्या ठाणात कुठे गाठ राहते, कुठे धागा तुटतो, कुठे वीण सुटते. ते सगळं शोधून सुईने भरायचं, असं त्यांचं काम. कडेच्या टेबलावर पन्नाशीची एक बाई होती, एफी ऑलिव्हर नावाची. तिच्याजवळ जाऊन तो उभा राहिला.

"एका ठाणात दोष किती निघतात हो?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या ठाणात? दहा वर्षांपूर्वीच्या की आत्ताच्या?"

"दोन्ही सांगा."

"पूर्वी पाच-सहा. आता वीस. परवा एकात एकतीस निघाले. ते ठाण नव्हतंच, चाळण होती."

निनियनने कापड उजेडात धरून बघितलं. "मला तर एकही दिसत नाही."

"तुम्हाला दिसला तर मला कोण ठेवील इथे? डोळ्यांनी बघू नका, बोट फिरवा. तिथे नाही, इथे. लागलं?"

लागलं. तांदळातला खडा जिभेला लागावा तसं काहीतरी बोटाला लागलं.

"कशामुळे होतं हे?"

"माग म्हातारे झालेत. माझ्या लग्नाच्या आधीचे आहेत ते. आणि सूत आणतात स्वस्तातलं."

"हे वर कुणाला सांगितलंत?"

"वरचे विचारायला येतात कधी? तुम्हीच पहिले आलात. कोण तुम्ही, विम्याचे की सरकारी?"

"मी गुंतवणुकीचं बघतो. लोकांचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरवतो."

"बरंय बाई," शेजारणीकडे बघून एफी म्हणाली, "बोटं तरी सुजत नाहीत त्यात."

बायका हसल्या. निनियनही हसला, आभार मानून खाली गेला आणि गार झालेलं मटण गुपचूप जेवला. एडिंबराला परतल्यावर त्याने चार ओळींचं टिपण लिहिलं. तीन आठवड्यांच्या आत पेढीकडचे व्हिटलॉचे सगळे शेअर विकून झाले होते.

घरी त्याने एल्स्पेथला सांगितलं. तिने काटा-चमचा खाली ठेवला.

"बाबांना सांगू?"

"नको. आपल्या धंद्यात तसं सांगत नाहीत."

"त्या गिरणीवर चारशे माणसं जेवतात, निनियन."

"ठाऊक आहे. आणि ज्यांचे पैसे मी सांभाळतो ती अकरा हजार आहेत."

"असतील. पण ती चारशे मला नावानिशी ठाऊक आहेत," एल्स्पेथ म्हणाली.

एकाहत्तर साली गिरणी बंद पडली. त्याआधीच गावाची रेल्वेही बंद झाली होती. पुढच्या वर्षी एल्स्पेथचे वडील वारले. दुकान विकायचं तिच्या जिवावर आलं. ती स्वतः औषधशास्त्र शिकलेली. तेव्हा दोघं व्हिटलॉलाच राहायला आले. निनियन आठवड्यातले तीन दिवस गाडीने एडिंबराला जायचा आणि शनिवारी बायकोच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. दुकानाच्या दारातून गिरणीची चिमणी दिसे. धूर नसलेली चिमणी किती उंच दिसते, हे त्याला तिथे कळलं.

राजकारणात तो आला तो वॅट टर्नबुलमुळे. वॅट हा गावातला खाटीक, आणि एका लहानशा पक्षाचा त्या मतदारसंघातला सगळा कारभार त्याच्याकडे. कारभार म्हणजे काय, तर दर निवडणुकीला पडण्यासाठी माणूस शोधायचा. त्र्याहत्तरच्या शरदात तो खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आला आणि गल्ल्यावरच्या निनियनला निरखत उभा राहिला.

"भाषण करता येतं का तुला?"

"नाही. प्रश्न विचारता येतात."

"आमच्या गेल्या उमेदवाराला तेही येत नव्हतं. विचार कर."

निनियनने खरंच विचार केला. दहा वर्षं तो लोकांना प्रश्न विचारत आला होता, आणि मिळालेली उत्तरं एका कपाटात जात होती. वाचणारे सहा भागीदार. जिथे उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं अशा जागी प्रश्न विचारले तर काय होईल, याची त्याला उत्सुकता वाटू लागली. महिन्याभराने त्याने होकार दिला. शेअर विकल्याचं मात्र तो वॅटजवळ बोलला नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत निवडणूक लागली. चर्चच्या सभागृहात सभा होती. पेट्रोल, वीजकपात, लोकरीचे भाव असे प्रश्न येत होते आणि निनियन कसंबसं निभावून नेत होता. तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक बाई उठली.

"माझा प्रश्न पेट्रोलचा नाही. मिस्टर लेडलॉ, ओळखलंत का मला?"

निनियनने नीट बघितलं. "माफ करा, मिसेस..."

"ऑलिव्हर. वर्षभर तुमच्या बायकोच्या दुकानातून औषध नेते मी. दोनदा तुम्हीच सुटे दिलेत."

"हां, म्हणूनच चेहरा ओळखीचा..."

"त्याच्याही आधीचं विचारतेय. सदुसष्ट साली गिरणीत आला होतात. ठाणात दोष किती निघतात म्हणून विचारलंत."

त्याला सगळं एकदम आठवलं. खिडकीतला उजेड, टेबलाचा उतार, बोटाला लागलेली गाठ. प्रश्न त्याने सात वर्षं लक्षात ठेवला होता; उत्तर देणाऱ्या बाईचा चेहरा मात्र पार पुसला गेला होता. त्याची त्याला शरम वाटली.

"मी सांगितलं, वीस," एफी म्हणाली. "मग तुम्ही काय केलंत?"

टेबलाखाली वॅटचा बूट त्याच्या पायावर आला आणि दाबून बसला.

"शेअर विकले," निनियन म्हणाला. "सगळे. तीन आठवड्यांत."

सभागृहात गलका झाला. मागून कुणीतरी "चालता हो!" म्हणून ओरडलं. एफीनेच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"थांबा रे, माझं संपलेलं नाही. चार वर्षांनी गिरणी बंद पडली. मला एवढंच विचारायचंय, ती माझ्या तोंडामुळे पडली का? तीन वर्षं मनात आहे माझ्या. विचारणार कुणाला?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ते दयाळूपणाचंही झालं असतं, आणि सभाही हातची गेली नसती. पण निनियनला ते खरोखरच ठाऊक नव्हतं. एवढा चौकस माणूस, आणि शेअर विकल्यानंतर त्या गिरणीचं काय झालं हे त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, मिसेस ऑलिव्हर. शोधून सांगतो."

"आता मतं हवीत तेव्हा शोधणार!" मागून आवाज आला, आणि लोक हसले.

सहाशे बारा मतांनी तो पडला. मोजणी संपल्यावर वॅट त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.

"नाही. ना आणि ही. दोन अक्षरं होती, लेडलॉ. दोन अक्षरं तुझ्या तोंडातून निघाली नाहीत. आणि शेअरचं मला आधी सांगायला काय झालं होतं? मी काय पेपरात छापणार होतो?"

"चुकलंच माझं ते."

"चुकलंच," वॅट म्हणाला, आणि खिशातून पुडी काढून त्याने निम्मं सॉसेज त्याला दिलं.

त्याच आठवड्यात निनियन शोधाला लागला. गिरणी बुडाल्यावर तिची कागदपत्रं गॅलाशील्सच्या एका वकिलाच्या कचेरीत पडून होती. सात लाकडी खोकी भरली होती. वकिलाला मोठं आश्चर्य वाटलं.

"निवडणूक संपली ना तुमची?"

"संपली."

"मग हे कशाला?"

"एका बाईंनी विचारलंय."

मार्च ते जून, एडिंबराचे दिवस सोडून, तो त्या खोक्यांमध्ये डोकं घालून बसला. मागखात्याच्या जुन्या मुकादमाला तो भेटला. निवृत्त होऊन समुद्रकाठी गोल्फ खेळत बसलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यालाही गाठलं. तो चेंडूवरची नजर न काढता म्हणाला, "तुम्ही विकलंत तेव्हा भाव उतरला, ते खरं. पण आम्हाला त्याचं काय? आमच्याकडे तारण होती ती इमारत. आम्ही हात आखडता घेतला तो सत्तर साली, गिऱ्हाईक तुटल्यावर."

"गिऱ्हाईक का तुटलं?"

"माल बिघडला म्हणून. ते मुकादमाला विचारा. आता जरा बाजूला सरकता का?"

म्हणजे शेअर विकल्याने गिरणी बुडाली नव्हती. इथे थांबला असता तरी चाललं असतं. एफीला सांगण्यापुरतं उत्तर मिळालं होतं. पण माग इतके जुने होईपर्यंत कुणी बदलले कसे नाहीत, ही नवी शंका त्याच्या मनात शिरली, आणि मग त्याला थांबता येईना.

उत्तर पाचव्या खोक्यात निघालं. संचालकांच्या बैठकांची वही होती. त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये यॉर्कशरहून अठरा नवे माग घ्यायचं ठरलं होतं, बयाणाही दिला होता. जूनच्या बैठकीत तो बेत रद्द झाला होता. कारण एका ओळीत दिलं होतं: मोठ्या भागधारकाचे पत्र, लाभांश वाढवण्याबाबत. पत्र मागे टाचणीला लावलेलं होतं.

कागद त्याच्याच पेढीचा होता. खाली कॅथकार्ट बॉइल यांची ऐटबाज सही. आणि डाव्या कोपऱ्यात, मसुदा कुणी केला हे कळावं म्हणून टाइप केलेली दोन अक्षरं होती. त्याच्या स्वतःच्या नावाची.

निनियन खोक्याच्या कडेवर टेकला. पेढीतलं ते त्याचं पहिलं वर्ष होतं. कारखाने बघत हिंडायची सवय अजून लागायची होती. तेव्हा तोही नुसते ताळेबंद वाचत असे. व्हिटलॉच्या ताळेबंदात बरीच रोकड पडून असलेली त्याला दिसली, आणि ती भागधारकांना वाटून टाकावी असं दीड पानी पत्र त्याने लिहिलं. 'झकास लिहिलंस,' असं बॉइलसाहेब म्हणाल्याचंही त्याला आठवलं. त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला होता. पडून असलेली ती रोकड म्हणजे अठरा मागांचे पैसे होते.

वकिलाच्या कारकुनाने दारातून विचारलं, "चहा आणू का?" दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याला ऐकू गेलं.

जूनमधली घोडेस्वारीची जत्रा होती त्या दिवशी तो एफीकडे गेला. सगळं गाव शिवेवर घोड्यांमागे गेलेलं. एफी पाय दुखतो म्हणून घरीच होती, पुतण्याच्या घोड्यासाठी फितीची फुलं शिवत बसली होती. निनियनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि पत्राची नक्कल तिच्या हातात दिली. तिने चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"हे तू लिहिलंस?"

ती अरे-तुरेवर आल्याचं त्याच्या ध्यानात आलं. "हो."

"गिरणी न बघता?"

"न बघता."

"अठरा माग." तिने कागद मांडीवर ठेवला. "त्या साली आम्ही बायका घाबरलो होतो, ठाऊक आहे? नवे माग येणार अशी आवई होती. नव्या मागांना दोष कमी, म्हणजे आमच्यातल्या निम्म्या जाणार. माग आले नाहीत तेव्हा आम्ही केक आणून खाल्ला, पोरा. केक!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी नव्हे."

"तुम्ही नव्हे."

"मागच्या बाकावर बेसी हॉग बसते चर्चमध्ये. तिच्या नवऱ्याचं काम गेलं आणि तो सहा महिन्यांत खचून मेला. तेव्हापासून मी मान वळवून तिच्याकडे बघितलेलं नाही." पदर नव्हता, म्हणून तिने हातातल्या फितीनेच डोळे टिपले. "आता ते तू बघ. मी पुष्कळ केलं."

"हो," निनियन म्हणाला.

"बस आता. चहा टाकते. मत देणार नाही हं तुला, आधीच सांगून ठेवते. आणि हे मी गावात सांगणार."

"सांगा."

जत्रेहून परतलेल्या गावाला दिवेलागणीच्या आत सगळं समजलं. वॅट रक्ताळलेल्या एप्रनसकट एल्स्पेथच्या दुकानात आला.

"आधी वाटलं होतं, तू गिरणी सोडून पळालास. आता कळतंय की आधी तूच तिच्या तंगड्या तोडल्या होत्यास! आता ते पत्र छापूनच वाट गावभर!"

"छापू या," निनियन म्हणाला.

"अरे, मी रागाने बोललो!"

पण ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक लागली तेव्हा निनियनने खरंच ते पत्र जसंच्या तसं छापलं, खाली सही केली आणि घरोघर वाटलं. काही दारं तोंडावर आपटली. एका जुन्या कामगाराने पत्रक वाचून, घडी घालून परत त्याच्या खिशात ठेवलं आणि तो आत गेला. बेसी हॉगच्या दाराशी तो एकटाच गेला. ती काय म्हणाली हे त्याने एल्स्पेथलाही सांगितलं नाही, पण पुढे दर महिन्याला तो तिच्याकडे जात राहिला.

दोनदा मोजणी झाली. चौऱ्याण्णव मतांनी तो निवडून आला.

का, हे आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. वॅटच्या मते समोरचा उमेदवार शनिवारी मांसाच्या दुकानात येऊन 'मी मांस खात नाही' म्हणाला, तिथेच संपला. एल्स्पेथचं म्हणणं, हा आता पुढे काय कबूल करतो ते लोकांना बघायचं होतं. एफीने मत कुणाला दिलं ते कधीच सांगितलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मतपेटीला कुलूप लावतात ते काय शोभेला?"

निनियनने पेढी सोडली आणि खासदार म्हणून लंडनला जायला लागला. भाषण त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. प्रश्न मात्र त्याने इतके विचारले, की खात्यातले अधिकारी त्याचा लिफाफा बघून सुस्कारे टाकत. प्रश्नही कसले? अमुक पुलावर शेवटचा रंग कधी दिला. बंद झालेल्या रेल्वेचे रूळ कुणी विकत घेतले. शाळेतल्या दुधाच्या बाटल्या परत जातात तेव्हा किती फुटलेल्या असतात. पाचातल्या एखाद्या उत्तरातून काहीतरी निघायचं आणि त्या खात्याची धावपळ उडायची. उरलेल्या चारांतून काहीच निघत नसे. पण ती उत्तरंही तो सारख्याच आवडीने वाचायचा.

सत्त्याहत्तरमध्ये सोडतीत त्याचं नाव निघालं. साध्या खासदाराला स्वतःचं विधेयक मांडायची संधी अशीच मिळते. त्याचं विधेयक पानभराचं होतं. मोठ्या भागधारकाने एखाद्या कंपनीला पत्र लिहून काही मागितलं, तर त्या पत्राची प्रत कामगारांच्या सूचनाफलकावर लागली पाहिजे. बस.

त्या शुक्रवारी एफी, वॅट आणि एल्स्पेथ प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. चारच्या ठोक्याला कामकाज संपणार. तोवर मतदान झालं नाही तर विधेयक मेलं. तीन वाजता समोरच्या बाकावरचा एक गृहस्थ उठला. राजकारणात यायच्या आधी तोही शहरात गुंतवणुकीचंच काम करायचा. त्याने अतिशय नम्रपणे 'पत्र' या शब्दाचा अर्थ काय, इथून सुरुवात केली. पोस्टकार्ड हे पत्र होय का? पाठवलं पण पोचलं नाही तर? सूचनाफलकाला काच असावी की नसावी? चार वाजायला एक मिनिट असताना तो सूचनाफलकाच्या उंचीवर आला होता. ठोके पडले. तो बसला.

बाहेर आल्यावर एफीने निनियनची बाही धरली. "तो माणूस तासभर नुसता फलकावर बोलला?"

"हो."

"आणि याचा पगार मिळतो त्याला?"

"माझ्याइतकाच."

"आमच्या खोलीत कुणी असा वेळ काढला असता तर दुपारपर्यंत टिकली नसती ती," एफी म्हणाली. मग बाही सोडून, "उंचीचं मात्र बरोबर होतं हं त्याचं. आमचा फलक इतका वर होता की मला कधी वाचताच आला नाही."

निनियनने खिशातून वही काढली आणि ते टिपून घेतलं. वॅटने कपाळाला हात लावला.

एकोणऐंशीत तो पडला, आणि या वेळी मोजणी पुन्हा करायची वेळच आली नाही. साडेचार वर्षांची खासदारकी संपली. जुन्या पेढीत जागा उरली नव्हती. बॉइलसाहेबांनी हवापाण्याच्या चौकशीचं एक पत्र पाठवलं, एवढंच. शेवटी बिस्किटांच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या पेन्शनचे पैसे सांभाळायचं काम त्याला मिळालं. पगार पहिल्याच्या निम्मा. तिथे पंधरा वर्षं तो राहिला. कुठल्याही कंपनीला तो पत्र लिही, ते तिचा कारखाना बघून आल्यावरच. आणि त्याची एक प्रत, कुणी सांगितलेलं नसताना, त्या कंपनीच्या कामगार संघटनेला धाडून देई. दोन कंपन्यांनी त्याला दारात उभं करणं बंद केलं. एकीने वकिलाची नोटीस दिली. तीन ठिकाणी मात्र कामगारांनी उलट पत्र लिहून त्याची चूक दाखवली, आणि त्यातल्या दोन वेळा त्याने आपलं म्हणणं मागे घेतलं. कामगारांची पेन्शन ना फार वाढली ना बुडाली. जशी मिळायला हवी तशी मिळत राहिली.

एफी शहाऐंशीत गेली. वॅट त्यानंतर दोन वर्षांनी, दुकानातच. निनियन निवृत्त होऊन व्हिटलॉलाच राहिला. पुढे गावाच्या सल्लागार मंडळावर तो बिनविरोध निवडून आला, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. तिथे बसून त्याने नदीवरच्या लाकडी पुलाची दुरुस्ती करून घेतली. त्याला सहा वर्षं लागली.

दोन हजार एकच्या वसंतात जनगणना झाली. निनियन तेव्हा सत्तरीचा. अर्जावर 'मुख्य व्यवसाय' असा रकाना होता आणि तो पेन हातात धरून बसला होता.

"खासदार साडेचार वर्षं. गुंतवणूक पंचवीसच्या वर. पण खासदारकीत जास्त दमलो. काय लिहू?"

एल्स्पेथ शब्दकोडं सोडवत होती. "निवृत्त लिही आणि मोकळा हो."

"तो व्यवसाय नव्हे."

शेवटी रकाना कोराच राहिला. दोन दिवसांनी अर्ज गोळा करायला एक बाई आल्या. साठीच्या असतील, पावसाने भिजलेल्या. त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे भरायचं राहिलंय, मिस्टर लेडलॉ."

"हो, त्याचंच विचारायचं होतं तुम्हाला. आत या ना. आजवर किती घरं झाली तुमची?"

"दोनशे दहा."

"आणि या रकान्यात लोक लिहितात तरी काय?"

बाईंनी मागे रस्त्याकडे बघितलं. अजून अख्खी गल्ली बाकी होती. मग त्यांनी छत्री मिटली. "आता काय सांगू तुम्हाला," असं म्हणत त्या पायपुसण्यावर बूट घासायला लागल्या, आणि आतून एल्स्पेथने न विचारताच चहाचं आधण ठेवलं.